धडधड, शॉक आणि हृदयातून रक्तात उतरणारी रसायनं

निशिगंध

पीएसव्हीटी नावाचा धडधडीचा एक प्रकार आहे. बसल्या जागी अचानक सुरू होतो, नाडी 150 ते 200 च्या घरात जाते आणि धडधड तितक्याच अचानक थांबते. हा त्रास असलेल्या पुष्कळ लोकांना आणखी एक अनुभव येतो. धडधड अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिकली, की भरपूर लघवी होते, अगदी पाण्यासारखी स्वच्छ. डॉक्टरांना मात्र हे सांगायचं राहून जातं, कारण छातीतल्या धडधडीचा लघवीशी संबंध असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. पॉल वुड या ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञाने 1963 साली नेमक्या याच विषयावर लेख लिहिला होता. पण असं का होतं याचं पक्कं उत्तर मिळायला पुढे वीसेक वर्षं गेली.

त्या उत्तराचे धागे 1956 पासूनच हाती होते. त्या वर्षी ब्रुनो किश यांना गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या पेशींमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गडद, गोल कण दिसले. असे कण एरवी ग्रंथींच्या पेशींत असतात, मग स्नायूत कशाला? त्याच सुमारास जेम्स हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या डाव्या वरच्या कप्प्यात छोटा फुगा फुगवला आणि लघवीचं प्रमाण वाढलं. ही दोन टोकं जुळली 1981 मध्ये. कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांच्या शिरेत दिला. काही मिनिटांतच त्यांच्या लघवीतून पाणी आणि मीठ भराभर बाहेर पडू लागलं. खालच्या कप्प्यांचा अर्क देऊन पाहिला, तर काहीच घडलं नाही. त्या अर्कातलं रसायन म्हणजे एएनपी, 28 अमिनो आम्लांचं एक हॉर्मोन. हृदय रक्त ढकलतं हे शाळेपासून शिकवलं जातं, पण ते हॉर्मोनही तयार करतं हे वैद्यकालाच इतक्या उशिरा कळलं.

पेशीत हे हॉर्मोन 126 अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपात साठवलेलं असतं. कप्प्याची भिंत ताणली गेली की ती साखळी बाहेर येता येता तुटते आणि तिचा शेवटचा, कामाचा तुकडा रक्तात जातो. आता पीएसव्हीटीत काय घडतं पाहा. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. खालच्या कप्प्यांच्या दाबाने मधल्या झडपा मिटलेल्या असतात, त्यामुळे वरचे कप्पे बंद दारावर धडका देत राहतात. दाब मागे फिरतो, भिंती ताणतात आणि एएनपी सुटतो. हाच मागे फिरलेला दाब मानेच्या शिरांमध्ये ठोक्यागणिक उडताना दिसतो. काही लोक ‘मान उडते’ अशीच तक्रार घेऊन येतात, आणि निदान करताना ती खूण फार उपयोगी पडते.

आता या धाग्यामागचा माझा मुद्दा. बिघडलेली लय जागेवर आणायला हृदयाला विजेचा शॉक दिला की लोक सगळं खापर त्या शॉकवर फोडतात. शॉकमुळे हृदय भाजलं का, शॉकमुळे रिपोर्ट बिघडले का, असे प्रश्न येतात. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि माझं स्पष्ट मत असं आहे, की शॉकनंतर रक्तात हृदयाचं म्हणून जे काही सापडतं, त्याचा मोठा वाटा शॉकचा नसतो, त्याच्या आधी बिघडलेल्या लयीचा असतो. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे, किंवा ज्यांनी हे स्वतः भोगलं आहे, त्यांनी जरूर लिहा.

मुक्तछंद

मला पीएसव्हीटी आहे. लघवीचं अगदी तंतोतंत खरं आहे. धडधड थांबून मी जरा आडवा होतो न होतो तोच उठावं लागतं. आजवर वाटायचं, घाबरल्यामुळे होत असेल.

एकदा धडधड थांबेना म्हणून दवाखान्यात अडेनोसिनचं इंजेक्शन दिलं होतं. ते काही सेकंद मी विसरणार नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, चेहरा तापला आणि आता सगळं संपलं असं वाटलं. मग एकदम शांत. नर्सताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘विचित्र वाटेल, पण लगेच जाईल.’ तेवढ्या एका वाक्याचा फार आधार वाटला. हे औषध म्हणजेही शरीरातलंच रसायन, असं मागे वाचलं होतं. खरं आहे का? आणि एवढी लघवी होऊन गेल्यावर काही काळजी घ्यायची असते का?

निशिगंध

मुक्तछंद, तुमच्या लघवीत दोन रसायनांचा हात असतो. एएनपी मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक नळी रुंद करतं आणि बाहेर नेणारी आवळतं, त्यामुळे गाळण वाढते. पुढे ते मीठ परत शोषून घ्यायलाही अडवतं, शिवाय रेनिन आणि अल्डोस्टेरॉन या मीठ राखणाऱ्या हॉर्मोन्सना दाबून ठेवतं. पण निव्वळ एएनपी असता तर लघवी खारट झाली असती. ती पाण्यासारखी होते, कारण धडधडीत मेंदूकडून येणारं व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखणारं हॉर्मोनही कमी होतं. म्हणून सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि मिठाचा भाग जरा मागाहून येतो.

काळजी म्हणाल तर तहान लागेल तसं पाणी प्या आणि उठताना घाई करू नका. एएनपी रक्तवाहिन्याही सैल करतं, त्यामुळे चक्कर येऊ शकते. त्याचं रक्तातलं अर्धायुष्य (प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) जेमतेम दोन-तीन मिनिटांचं आहे, म्हणजे लय जागेवर आली की पातळी लवकर उतरते. अडेनोसिनबद्दल डॉक्टर मंडळींनी लिहिलेलं बरं.

दवबिंदू

मी अतिदक्षता विभागात काम करतो, म्हणून लिहितो.

अडेनोसिन हृदयातलंच रसायन आहे हे खरं. पेशीची ऊर्जा साठवणारा रेणू म्हणजे एटीपी. प्राणवायू कमी पडला आणि काम जास्त झालं की तो तुटत तुटत अडेनोसिनपर्यंत येतो आणि पेशीबाहेर पडतो. ते हृदयाचा वेग कमी करतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतं, म्हणजे दमलेल्या स्नायूला स्वतःच विश्रांती आणि रक्त मिळवून देतं. ड्र्युरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी 1929 मध्ये त्याचा हृदयावरचा परिणाम पहिल्यांदा मांडला. आपण तेच बाहेरून देतो, आधी 6 मिलिग्रॅम, लागलं तर 12. अर्धायुष्य 10 सेकंदांहून कमी असल्याने मोठ्या शिरेतून झटकन देऊन मागोमाग सलाइन ढकलावं लागतं, नाहीतर ते हृदयापर्यंत पोचायच्या आतच संपतं. ज्यांना दमा आहे त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. नुकतीच कॉफी झाली असेल तर तेही सांगावं, कारण कॅफीन अडेनोसिनची जागा अडवतं आणि इंजेक्शनचा परिणाम कमी होतो.

आता शॉककडे येतो. कार्डिओव्हर्जन आणि डिफिब्रिलेशन यांत लोक गल्लत करतात. ज्याची नाडी लागते आहे, पण लय चुकीची आहे, त्याला भूल देऊन, यंत्रावर सिंकचं, म्हणजे शॉक ठोक्याशी जुळवण्याचं बटण दाबून शॉक देतात. हे कार्डिओव्हर्जन. यंत्र ईसीजीतला प्रत्येक उंच ठोका ओळखून त्यावर खूण करतं. आम्ही आधी त्या खुणा नीट बसल्यात का ते पाहतो, मगच चार्ज करतो. बटण दाबल्यावर शॉक त्या क्षणी सुटत नाही. पुढचा ठोका येईपर्यंत बटण दाबून धरावं लागतं. नवीन डॉक्टर इथेच हात सोडतात आणि यंत्र बिघडलं म्हणतात. ठोक्याच्या मागच्या नाजूक काळात शॉक पडला तर हृदयच थरथरायला लागू शकतं, म्हणून हा खटाटोप. बर्नार्ड लाउन यांनी 1962 मध्ये ही पद्धत रूढ केली. ज्याची नाडीच नाही, हृदय नुसतं थरथरतं आहे, त्याला मात्र कुठल्याही खुणेची वाट न पाहता लगेच शॉक द्यायचा असतो. हे डिफिब्रिलेशन.

शॉक लागला की मॉनिटरवर आधी काही क्षण सपाट रेघ दिसते. मग एखादा रुंद, वेडावाकडा ठोका, पुन्हा थोडी जागा, आणि मग ठोके ओळीने यायला लागतात. कित्येक वर्षं हे पाहतोय, तरी त्या सपाट रेघेपाशी अजूनही श्वास अडकतो. धागाकर्तीशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, सविस्तर नंतर लिहितो.

आरोही

वेळेवर धागा आला. माझ्या आईला एएफसाठी, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याच्या त्रासासाठी, शॉक दिला. लय जागेवर आली, ती दुसऱ्या दिवशी घरीही आली. पण तिच्या फाइलमध्ये एक रिपोर्ट होता, त्यात सीके नावाची संख्या मर्यादेच्या कितीतरी पट, लाल अक्षरात. खाली कुणीही काहीच लिहिलेलं नाही. भावाने नेटवर शोधलं, तर पहिल्याच ओळीत हार्ट अटॅक. त्या रात्री घरात कुणीही झोपलं नाही. आई मात्र शांत होती, म्हणत होती, ‘अगं, मला बरं वाटतंय.’ ते सीके नक्की कशाचं होतं?

ध्रुवतारा

आरोहीताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. असे घाबरलेले फोन आमच्याकडे नेहमी येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सीके हे एन्झाइम शरीराच्या सगळ्या स्नायूंत असतं. छातीवर पॅड लावून शॉक देतात तेव्हा विजेचा बहुतांश भाग छातीच्या स्नायूंतून आणि फासळ्यांभोवतून जातो. हृदयातून प्रत्यक्ष जाणारा प्रवाह फार थोडा, साधारण 4 टक्के. छातीचे स्नायू जोरात आकसतात, दुखावतात आणि त्यांच्यातलं सीके रक्तात येतं. आईंना दोन दिवस छातीचा वरचा भाग दुखत असेल, पॅडच्या जागी त्वचा लाल झाली असेल, तर ते तिथलंच. सीके-एमबी हा हृदयाचा मानला जाणारा प्रकार, पण तोही थोड्या प्रमाणात इतर स्नायूंत असतोच. त्यामुळे एकूण सीके खूप चढलं की एमबीही थोडं वर दिसतं. म्हणूनच शॉकनंतर सीकेवरून हृदयाबद्दल निष्कर्ष काढू नये.

हृदयासाठी पाहायचं ते ट्रोपोनिन हे प्रथिन, त्याचा आय किंवा टी प्रकार. चाचणीत मोजले जाणारे हे प्रकार हृदयाच्या स्नायूचेच असतात. छातीवरून दिलेल्या कार्डिओव्हर्जननंतर ते बहुतेकांमध्ये वाढत नाही, किंवा अगदी किंचित वाढतं. आणि एका संख्येवर कधीच थांबू नका. काही तासांच्या अंतराने दुसरं सॅम्पल घ्यायचं आणि संख्या चढते आहे, उतरते आहे की तिथेच आहे ते पाहायचं.

एक गोष्ट आमच्या बाजूची. धडधडीच्या पेशंटचं पोटॅशियम जास्त आलं तर आधी सॅम्पल पाहा. बारीक सुईने, जोर लावून रक्त ओढलं की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचा पिवळसर थर गुलाबी दिसला की सॅम्पल हिमोलाइझ झालं आहे हे कळतं. अशा वेळी आम्ही पुन्हा रक्त मागवतो. त्यावर वॉर्डातून कुरबूर झाली तर कृपया ती ऐकून घेऊ नका, सॅम्पल पुन्हा द्याच.

आरोही

ध्रुवतारा, मनापासून आभार. हो, पॅडच्या जागी लाल चट्टा होता आणि कूस बदलताना दुखायचं. ट्रोपोनिनचा रिपोर्टही फाइलमध्ये सापडला, पहिला किंचित वर आणि दुसरा त्याहून खाली. पण पहिला तर शॉकच्या आधीचा आहे!

निशिगंध

आरोही, तुम्ही दिलेला हा तपशील म्हणजे माझ्या मुद्द्याचं नेमकं उदाहरण आहे. शॉकच्या आधीच ट्रोपोनिन वर होतं.

त्याचं गणित असं. नाडी 70 असेल तर एका ठोक्याला साधारण 0.86 सेकंद मिळतात. 180 झाली की 0.33 सेकंद. आकुंचनाचा काळ यात फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती शिथिल होण्याच्या काळाला. आणि हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः याच शिथिलतेच्या काळात, कारण आकुंचनावेळी स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. म्हणजे काम अडीचपट आणि रसद तोडलेली. रक्तवाहिनीत कुठेही गुठळी नसताना ट्रोपोनिन वाढतं ते यामुळे. वय जास्त असेल, रक्तवाहिन्या आधीच थोड्या अरुंद असतील तर अधिक. हार्ट अटॅकच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत अशा दुखापतीला गुठळीने होणाऱ्या हार्ट अटॅकपासून वेगळं काढलं आहे. पण वेगळं काढलं म्हणजे बिनमहत्त्वाचं ठरवलं असं नाही. धडधडीबरोबर छातीत दुखणं, दम लागणं किंवा शुद्ध हरपणं असेल तर हा विचार घरी बसून करायचा नाही, तडक दवाखाना गाठायचा.

तपोवन

धागा उत्तम, पण शॉकला इतक्या सहज मोकळं सोडणं मला पटत नाही.

सुरुवात ओटो लोवी यांच्यापासून करतो. 1921. दोन बेडकांची हृदयं, दोन्ही बाहेर काढलेली आणि क्षारांच्या द्रावणात ठोके देणारी. पहिल्याला व्हेगस ही मज्जातंतू जोडलेली. त्या तंतूला त्यांनी विजेने उत्तेजित केलं, हृदय मंदावलं. मग त्या हृदयातलं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याला ना मज्जातंतू, ना वीज, तरीही ते मंदावलं. वीज जागेवरच राहिली आणि द्रावणातून गेलं ते रसायन, पुढे अॅसिटिलकोलिन म्हणून ओळखलं गेलेलं. वेग वाढवणाऱ्या तंतूंबाबतही असाच प्रयोग जमला. 1936 चं नोबेल लोवी यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

हृदयावर शॉक पडतो तेव्हा तो फक्त स्नायूवर पडत नाही. स्नायूभर पसरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांवरही पडतो. दोन्ही प्रकारच्या टोकांतून साठा बाहेर येतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत शॉकनंतर येणारा मंदपणा अॅसिटिलकोलिनला अडवणाऱ्या अॅट्रोपिनने टळला आणि मागाहून येणारा जोर अॅड्रिनलिन-नॉरअॅड्रिनलिनला अडवणाऱ्या बीटा ब्लॉकरने टळला, म्हणजे दोन्ही रसायनं एकामागोमाग काम करत होती. दवबिंदू, तुमच्या त्या सपाट रेघेत अॅसिटिलकोलिनचाही हिस्सा आहे.

दुसरं, पेशीचं आवरण. तीव्र विद्युतक्षेत्रात त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात, पोटॅशियम बाहेर येतं. बहुतेक छिद्रं थोड्याच वेळात बुजतात, पण तेवढा वेळ तो भाग नीट काम करत नाही, आणि शॉकनंतर ईसीजीची रेघ काही क्षण वर किंवा खाली सरकलेली दिसते. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत मुक्त मूलकंही (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) मोजली गेली आहेत, आणि ऊर्जा वाढवली की तीही वाढली. त्यामुळे ‘मोठा वाटा शॉकचा नसतो’ हे वाक्य एका शॉकपुरतं ठीक. लागोपाठ पाच-सात शॉक बसले तर ते टिकत नाही.

दवबिंदू

तपोवन, मान्य. म्हणूनच तर आता दोन दिशांनी जाणारी लहर वापरतात. जुनी यंत्रं एकाच दिशेने 360 जूलपर्यंत द्यायची, आताची 120 ते 200 जूलमध्ये तेच काम करतात.

पण हृदय पूर्ण थांबलेल्या पेशंटमध्ये तराजू निशिगंधताईंच्या बाजूने झुकतो. खालचे कप्पे थरथरायला लागले की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह बंद पडतो. काही मिनिटांतच पेशींबाहेर पोटॅशियम दुप्पट होतं आणि वाढतच जातं. लॅक्टिक आम्ल साठतं, अडेनोसिन साठतं. अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनलिन ओततात, इतकं की एरवी कुठल्याही आजारात तेवढं क्वचितच दिसतं. रक्त 10 मिनिटांहून जास्त तुटलं की हृदयातल्या मज्जातंतूंची टोकं मेंदूच्या आज्ञेशिवाय आपोआप नॉरअॅड्रिनलिन गाळायला लागतात. या सगळ्यात भिजलेल्या स्नायूला शॉक देऊन थरथर थांबते, पण ठोका सुरू होत नाही. म्हणूनच छातीवर दाब देणं इतकं महत्त्वाचं. त्यातून थोडंसं रक्त तिथे पोचतं आणि साठलेलं धुऊन जातं.

साठलेलं अडेनोसिनच हृदयाला गप्प बसवतं, तर त्याला अडवणारं अमिनोफिलिन द्यावं, अशी कल्पना निघाली होती. कागदावर बिनतोड होती. 2006 मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला, जगण्याचं प्रमाण वाढलं नाही. एक रसायन बाजूला काढून उपयोग नव्हता, बाकीची सगळी तिथेच होती.

सांजवारा

बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहावंसं वाटलं. माझ्या छातीत आयसीडी आहे, म्हणजे जीवघेणी लय आली की आपोआप शॉक देणारं छोटं यंत्र. एका रात्री त्याने एकामागून एक शॉक दिले. मी पूर्ण शुद्धीत होतो. प्रत्येक शॉक म्हणजे आतून कुणीतरी लाथ मारावी तसा. पण त्याहून वाईट म्हणजे दोन शॉकच्या मधला वेळ. पुढचा कधी येणार या भीतीने हृदय आणखी जोरात धावायचं, आणि मग तो यायचाच. त्या वेळी मला वाटलं, माझी भीतीच शॉक ओढवून घेते आहे. कुणाला सांगितलं नाही, हसतील म्हणून. इथे रसायनांबद्दल वाचताना पहिल्यांदा वाटलं, की त्यात काही तथ्य असेल.

दवबिंदू

सांजवारा, तथ्य आहे, पूर्ण आहे. 24 तासांत 3 किंवा जास्त वेळा अशी जीवघेणी लय आली तर त्याला आम्ही इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतो. शॉकची वेदना आणि भीती यांमुळे अॅड्रिनलिन-नॉरअॅड्रिनलिन वाढतं, त्याने खालच्या कप्प्यांच्या पेशी आणखी चिडतात, त्यातून पुन्हा तीच लय आणि पुन्हा शॉक. यात तुमचा दोष तसूभरही नाही. म्हणूनच अशा वेळी उपचारात बीटा ब्लॉकर, बऱ्याचदा प्रोप्रानोलोल, आणि झोपेचं औषध यांना लयीवरच्या औषधाइतकंच महत्त्व असतं. गरज पडली तर मानेतल्या ज्या मज्जागंडातून हे तंतू हृदयाकडे जातात, तिथे इंजेक्शन देऊन तो मार्ग तात्पुरता बंद करतात. पेशंटला शांत झोपवणं हा दिलासा आहेच, पण तो लयीवरचा उपचारही आहे. त्या रात्री तुमच्याशी कुणी असं बोललं असतं तर बरं झालं असतं.

आयसीडी असलेल्या सगळ्यांसाठी: एकच शॉक बसला आणि नंतर बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना कळवून लवकर यंत्र तपासून घ्या. एका दिवसात दोन किंवा जास्त बसले, किंवा एका शॉकनंतरही छातीत दुखतंय, दम लागतोय, चक्कर येतेय, तर थेट तातडीच्या विभागात. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

तपोवन

सांजवारा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

यंत्राच्या बाबतीत एक आशादायक गोष्ट. आयसीडीचे शॉक बसलेल्या लोकांत पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. त्याला कारण शॉक की मुळात खराब झालेलं हृदय, हा वाद जुना आहे, आणि तोच इथे चाललाय. 2012 मध्ये मॅडिट-आरआयटी या आयसीडीवरच्या चाचणीत यंत्रांना शॉकची घाई करू नका असं शिकवलं गेलं. वेग खूप जास्त असेल तरच, किंवा लय जास्त वेळ टिकली तरच उपचार करा. अनावश्यक उपचार खूप कमी झाले, आणि मृत्यूही कमी झाले. माझ्यासाठी हा शॉकविरुद्धचा सर्वांत वजनदार पुरावा आहे. तुमच्या यंत्राची सेटिंग्ज कशी आहेत हे डॉक्टरांना जरूर विचारा.

निशिगंध

तपोवन, मॅडिट-आरआयटीचा मुद्दा वजनदार आहे. मात्र त्या चाचणीत शॉकबरोबरच यंत्राचं न जाणवणारं, वेगवान ठोके देऊन लय मोडण्याचं कामही कमी झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय शॉक टाळण्याला देता येत नाही. माझं म्हणणं मी एवढ्यापुरतं ठेवते: योग्य कारणासाठी, भूल देऊन, एक-दोन शॉकमध्ये लय सुधारली, तर रक्तातल्या संख्यांचं मूळ आधीच्या धडधडीत शोधावं. वारंवार बसणाऱ्या शॉकचं प्रकरण निराळं, तिथे मी तुमच्यासोबत आहे. आणि सांजवारा यांनी सांगितलेली भीती दोन्हीकडच्या हिशेबात धरायला हवी. ती कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

मुक्तछंद

एक शेवटची शंका. ओळखीच्या एका काकांना एएफ आहे. त्यांचा एनटी-प्रोबीएनपी जास्त आला आणि हार्ट फेल्युअर आहे असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. एएनपी आणि हे एकच का?

ध्रुवतारा

भावंडं आहेत. बीएनपी 1988 मध्ये जपानी संशोधकांना आधी डुकराच्या मेंदूत सापडलं, नंतर कळलं की त्याचा मुख्य कारखाना हृदयच आहे. आपल्या सोयीची गोष्ट म्हणजे ते टिकतं. बीएनपीचं अर्धायुष्य सुमारे 20 मिनिटं, आणि त्याच साखळीचा दुसरा तुकडा एनटी-प्रोबीएनपी तर तासाच्या पुढे. म्हणून लॅबमध्ये एएनपी सहसा कुणी मागवत नाही, हे दोन मागवतात.

एएफमध्ये वरचे कप्पे सतत ताणलेले असतात, त्यामुळे हार्ट फेल्युअर नसतानाही या संख्या वर असतात. वाढतं वय आणि मूत्रपिंडाचा आजार यांनीही चढतात, आणि स्थूल माणसांत अपेक्षेपेक्षा कमी दिसतात. त्यामुळे काकांनी निदान स्वतः ठरवू नये. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आहे का, पायाला सूज आहे का, दम लागतो का, हे सगळं मिळून डॉक्टर ठरवतील. ते सॅक्युबिट्रिल ही हार्ट फेल्युअरवरची गोळी घेत असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगावं. ती गोळी बीएनपी तोडणाऱ्या एन्झाइमला अडवते, त्यामुळे बीएनपी वाढलेलं दिसू शकतं. एनटी-प्रोबीएनपीवर तसा थेट परिणाम होत नाही.

दवबिंदू

त्यात भर. काकांना कार्डिओव्हर्जन झालं आणि लय टिकली, तर ही संख्या पुढच्या काही दिवसांत उतरते, तेव्हा लगेच दुसऱ्या दिवशी तपासून हिरमुसू नये. पण संख्या उतरली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मात्र बंद करायची नाही. ईसीजीवर लय सुंदर दिसत असली तरी वरचे कप्पे काही दिवस ते काही आठवडे नीट आकसत नाहीत, आणि गुठळी होण्याचा धोका याच काळात असतो. शॉकनंतर किमान 4 आठवडे गोळी चालू ठेवतात. अनेकांना त्यापुढेही लागते, ते वय आणि इतर आजार पाहून ठरतं. आरोही, आईंची ही गोळी चालू आहे ना, एकदा पाहून घ्या.

आरोही

चालू आहे. आत्ताच डबा पाहिला. उद्याच्या तपासणीला ट्रोपोनिनचे दोन्ही रिपोर्ट आणि सीकेचा तो कागद बरोबर नेते, आणि गोळी किती दिवस घ्यायची ते लिहूनच आणते.